मायच्या कोंबड्या आणि आत्याची शेगडी

थंडी पडली की आमच्या घरात माझी आणि नातवाची खिडकीवरून जुंपते. तो खिडकी लावतो, मी जराशी उघडते. तो पुन्हा लावतो, मी पुन्हा उघडते. "आजी, हिटर लावलाय गं, सगळी ऊब बाहेर चाललीय," तो कळवळून सांगतो. "जाऊ दे की," मी म्हणते, "बाहेरच्यांनाही थंडी वाजतच असंल." मग नातसून तोंडाला पदर लावून हसते आणि नातू हात जोडून दुसऱ्या खोलीत निघून जातो. तो हिटर विजेचा आहे, त्यात निखारे नाहीत, हे मला कळतं बरं का. मी काही अगदीच ही नाही. पण बंद खोली आणि ऊब एकत्र आली की माझा हात आपोआप कडीकडं जातो, त्याला मी काय करू? मोरीतल्या गॅसच्या गिझरची गोष्ट मात्र वेगळी. तिथली झडप मी कुणाला लावूच देत नाही. रुसा, फुगा, सर्दीनं शिंका, पण झडप उघडीच राहील.

हे वेड मला एका हिवाळ्यानं लावलं. राज्य निजामाचं होतं, मी पहिलटकरीण होते, आणि माझं सासर मंठ्याकडं असलं तरी बाळंतपणाला मी माहेरी, जाफराबादपासून कोसभरावरच्या आमच्या गावी आले होते. आजही पहाटे अंगावरची वाकळ पायाला कमी पडली, की मी थेट त्या मागच्या खोलीतल्या बाजेवर जाऊन पडते.

काय हिवाळा होता तो! घरात कापूस मावत नव्हता. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, धान्याच्या कणगीमागं कापूस. दादा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसायचे तेव्हा त्यांच्या मिशांत कापूस असायचा आणि भाकरीवरही एखादा तंतू उडून बसायचा. पहाटे जालन्याच्या जिनिंगकडं गाड्या निघायच्या. बैलांच्या घुंगरमाळा वाजत वाजत वेशीपर्यंत जायच्या आणि मी त्या बाजेवर पडून ऐकायची. म्हणजे कानांत कोंबलेल्या कापसातून जेवढ्या ऐकू येतील तेवढ्या. बाळंतिणीच्या कानांत कापूस, डोक्याला घट्ट फडकं, अंगावर दोन वाकळा. सकाळी उठल्यावर मऊ भात आणि तूप, मग डिंकाचा लाडू, मग बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, मग अळिवाची खीर. मला तर वाटायचं, दरवर्षी एक लेकरू झालं तरी माझी काही हरकत नाही.

या सगळ्याची कारभारीण होती आत्या. दादांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तशी माहेरी आली आणि आईविना पोरक्या दादांना तिनंच वाढवलं. अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की आमच्या घरातून हाक मारली तर मळ्यातला सालगडी उभा राहायचा. घरात तिच्या शब्दापुढं कुणाचा शब्द नव्हता. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या देखरेखीखाली झालेली. न्हाऊमाखू घालावं तिनंच, शेकशेगडी करावी तिनंच. शेत दादांचं, बैल दादांचे, घर आत्याचं, आणि कोंबड्या तेवढ्या मायच्या, अशी आमच्याकडची वाटणी होती.

माय म्हणजे माझी आई. सगळ्या घरात तिचं म्हणावं असं काही असेल तर त्या कोंबड्या. ती त्यांच्याशी बोलायची, त्यांच्यावर रुसायची, त्यांना नावं द्यायची. ठिपक्याठिपक्यांची कवडी, डोक्यावर पिसांचा झुबका असलेली टोपीवाली, आणि कधीही कुणाचं न ऐकणारी भिंगरी. कोंबड्याचं नाव तालुकदार. जिल्ह्याच्या बड्या साहेबाला तेव्हा तालुकदार म्हणायचे. तो एकदा घोड्यावर बसून गावात आल्ता. छाती पुढं, मान मागं आणि कुणाकडंच बघायचं नाही. मायनं त्याला दारातून बघितलं आणि घरात येऊन कोंबड्याचं बारसं केलं.

आमची मागची खोली बाळंतपणासाठी ठरलेली. धाब्याचं घर, मातीच्या जाडजूड भिंती. खोलीच्या मागच्या भिंतीतच मायनं खुराडं कोरून घेतलं होतं. त्याचं तोंड परसात, आणि आतल्या बाजूला, खोलीत, हात जाईल एवढं एक भोक. पावसापाण्यात बाहेर न जाता घरातूनच हात घालून अंडी काढायची, अशी तिची युक्ती. त्या साली थंडी फार पडली, हरभऱ्याची फुलं करपायला लागली, तशी मायनं खुराड्याच्या परसातल्या तोंडात संध्याकाळी गोणपाट कोंबायला सुरुवात केली. वरून फळी लावायची, फळीला दगड लावायचा. "बाळंतिणीची ऊब आतल्या भोकातून माझ्या पोरींना बी लागंल," म्हणून ती खूश होती.

आणि ऊब होतीच तशी! आत्याची शेगडी अख्ख्या गावात नावाजलेली. बाभळीचे कोळसे ती परसात पेटवायची, पदरानं वारा घालायची, आणि धुराची शेवटची रेघ जाईपर्यंत शेगडी आत आणायची नाही. निखारे लालभडक झाले की त्यावर ओवा आणि शेपा टाकून ती बाजेखाली सारायची. "माझ्या शेगडीला धूर न्हाई," हे ती असं सांगायची, जसं दुसरी एखादी माझ्या पोरात खोड न्हाई असं सांगते. धूर नाही, तर मग तो बाहेर जायला वाट कशाला ठेवायची? माळवदाला वर एक भोक असतं, उजेडाला आणि धूर जायला; आम्ही त्याला सानं म्हणतो. आत्यानं आमच्या सान्यावर मातीचं परळ पालथं घातलं आणि कडेनं शेण लिंपलं. दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. बाळंतिणीला आणि लेकराला वारं लागलं की संपलं, असं तिचं ठाम मत. तिचंच काय, साऱ्या मुलखाचं तेच मत होतं.

मला लेक झाली. गोरीपान, गाल असे गुलाबी की बघायला येणारी प्रत्येक बाई आधी बोटं मोडायची. पाचवी पुजली, सुंठवडा वाटला, आत्यानं राजूरच्या गणपतीला नारळ बोलला. आणि सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे पोर रडायची नाही. झोपली की झोपली. दूध प्यायला जागं करावं लागायचं, पिता पिता पुन्हा डोळे मिटायची. शेजारच्या गंगाकाकू दारातूनच म्हणायच्या, "अनसा, नशिबाची गं तू! आमचं एकेक कार्टं रात रात बोंबलत होतं. तुझी बघ, लई गुणाची." मीही फुगायची. माझं स्वतःचं डोकं मात्र सकाळी ठणकायचं, घाण घाण वाटायचं, पाय उचलवत नसत. आत्या मला आधार देऊन परसातल्या न्हाणीत न्यायची, तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, आणि न्हाणीतच माझं डोकं हलकं व्हायचं. "बघ माझ्या तेलाचा गुण," आत्या म्हणायची. खोलीत परत आले की संध्याकाळपर्यंत पुन्हा जड. बाळंतपणाचा शीण म्हणून आम्ही ते सोडून दिलं.

मग एका सकाळी परसातून मायचा टाहो आला. फळी काढली तर आत कोंबड्या आडव्या. काही माना टाकून, काही पाय ताणून, आणि तालुकदार साहेब टोपीवालीच्या अंगावर पालथे. माय छाती बडवायला लागली. दादांनी तिला बाजूला केलं, सगळ्या कोंबड्या टोपल्यात भरल्या, वर फडकं टाकलं आणि ओढ्याकाठी पुरायला निघाले.

पुढचं मी बघितलं नाही, पण आयुष्यभर इतक्या वेळा ऐकलं की बघितल्यासारखंच आहे. चावडीपुढं शेकोटीला चारचौघं बसलेले. डोक्यावर टोपलं, चेहरा सुतकी, असे दादा तिथून चाललेले. आणि अगदी शेकोटीपाशी टोपल्यातून आवाज आला, घोगरा, अर्धामुर्धा, पण आरवणंच ते. दादांनी टोपलं फेकलं आणि ते चक्क चावडीच्या ओट्यावर चढले. टोपल्यातून तालुकदार बाहेर आला, दोन पावलं डावीकडं गेला, दोन उजवीकडं, आणि छाती काढून पुन्हा आरवला. पाठोपाठ टोपीवाली उठली. मग आणखी एक. झिंगलेल्या माणसांसारख्या त्या चावडीपुढं फिरायला लागल्या. एक म्हातारा म्हणाला, "बापूराव, तुमचा मेलेला तालुकदार उठला! आता सारा वाढवतो बघा!" हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. दादा टोपलं घेऊन पळत घरी आले आणि मायनं त्या कोंबड्यांना पोटाशी धरून एकेकीचे मुके घेतले. दोन बिचाऱ्या मात्र खरंच गेल्या होत्या.

आता सांगते, हसू आलं तरी हसत बसायला सवड नव्हती. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. कोंबड्या आडव्या, परसात उन्हात टाकल्या की एकेक उठून बसलेल्या, एखादी न उठलेली. गावात बोभाटा झाला. मानमोडी आली, मानमोडी! हा कोंबड्यांचा रोग एकदा शिरला की गावात आरवायला कोंबडा उरत नाही. संध्याकाळी चावडीवरची माणसं दारात आली. दादा आत येऊन मान खाली घालून म्हणाले, "सखू, गाव म्हणून राह्यलं, तुमच्या कोंबड्या जल्दी कापून टाका. न्हाई तर समद्यांच्या मरतील."

माय दारापर्यंत गेली. चार पुरुषांपुढं ती कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "मानमोडीत मान पिरगाळती, हगवण हिरवी लागती, तुरा काळा पडतो. हा घ्या कोंबडा, बघा तुरा. कुंकवावाणी लाल हाय का न्हाई? मानमोडी बिलकुल न्हाई ही." त्यांनी तुरा बघितला. लाल होताच. शेवटी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायचं ठरलं. तोवर काय ते कळलं नाही, तर सगळ्या कोंबड्या कापायच्या.

त्या दिवसांत माझी माय फौजदार झाली. आधी तिनं गंगाकाकूंवर संशय घेतला. त्यांच्या वालाच्या वेलाखाली आमच्या कोंबड्या उकरायच्या. गंगाकाकूंनी गणपतीची शपथ घेतली आणि वर रडल्या, तेव्हा मायनंच त्यांना गूळ-पाणी दिलं. मग मुंगूस म्हणून बिळं शोधली. साप म्हणून खुराड्याची जमीन खणली, राख पसरली. ज्वारी बदलली, पाण्याचं परळ बदललं. कोंबड्यांची विष्ठा काडीनं उकरून बघितली आणि तसाच हात घेऊन मला सांगायला आली, तेव्हा आत्यानं तिला दारातच अडवलं. मला तर मजा वाटत होती. बाजेवर पडून लाडू खायचे आणि दर घटकेला मायचा नवा चोर ऐकायचा.

मग तिच्या ध्यानात भिंगरी आली. ही एकटी कोंबडी कधीच खुराड्यात जात नसे. संध्याकाळी उडून लिंबाच्या फांदीवर बसायची. तिला काहीच झालं नव्हतं. आणि कवडी गोठ्यात डालग्याखाली अंड्यांवर खुडूक बसली होती, तिलाही काही नाही. दाणा तोच, पाणी तेच, परसही तेच. फरक रात्रीच्या जागेचा. आमची माय शाळेत कधी गेली नाही, पण त्या संध्याकाळी तिनं जे केलं ते ऐकून माझी शास्त्र शिकलेली नातसून उठून उभी राहिली होती. मायनं शिव्या देत देत भिंगरीला झाडावरून उतरवलं आणि खुराड्यात घातलं. तालुकदाराला गोठ्यात बांधलं. सकाळी तालुकदार ठणठणीत आणि भिंगरी आडवी.

"खुराड्यातच हाय काय ते," माय म्हणाली. कोंबड्या बाहेर उन्हात ठेवून तिनं तशीच मान खुराड्यात घातली. आतून गरम वाफ आली आणि ओव्याचा, शेपाचा वास. मातीचा नाही, कोंबड्यांचा नाही. माझ्या खोलीचा वास. ती पुढं सांगायची, "त्या वासानं माझं डोकं गरगरलं, आन् मंग माझ्या ध्यानात आलं, आतल्या बाजूला कोण हाय."

तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला. खोलीतल्या भोकातून तो हात बाहेर आला, भोकालगतच माझी बाज, म्हणून माझी वेणी हाती लागली आणि तिनं ती सगळ्या ताकदीनं ओढली. "अनसा! अनसाये! लेकरू बघ, लेकरू!" मला ते लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू येत होतं. उठायचं होतं. हात हलेना. शेजारी माझी गुणाची पोर गुलाबी गालांनी झोपली होती. मी तिला हाक मारायला गेले आणि तोंडातून शब्दच निघाला नाही. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

दार धडाड उघडलं. मायनं आधी पोर उचलली आणि पळाली, मग दादांनी मला. परसात ऊन नुकतं आलं होतं. त्या गार वाऱ्याचा पहिला घोट मला अजून आठवतो. लोकांना पहिला पाऊस आठवतो, कुणाला कुणाचा पहिला स्पर्श. मला तो वारा. मला भडभडून उलटी झाली. मायनं पोरीच्या तळपायांवर टिचक्या मारल्या, गालाला गार हात लावला. बऱ्याच वेळानं पोरीनं जांभई दिली, डोळे किलकिले केले, माझं बोट धरलं. रडली मात्र नाही. पुन्हा पेंगायला लागली.

आत्या न्हाणीचं पाणी तापवत होती. पळत आली आणि जे दिसलं त्यानं कडाडली, "वल्ली बाळंतीण हाय! वारं लागंल! काय करून राह्यली तू सखू?"

"वन्सं, तुमच्या शेगडीनं कोंबड्या मरून राह्यल्या. आन् हे लेकरू बी."

असं आमच्या घरात कुणी आत्याला कधी बोललं नव्हतं. दादा दोघींच्या मधे उभे होते आणि एकदा इकडं बघत होते, एकदा तिकडं. आत्याचा चेहरा पांढरा पडला. "ह्या हातानं अर्धा गाव जन्माला आलाय. माझ्या शेगडीला धूर न्हाई. कुणाला ठसका लागला का? डोळ्याला पाणी आलं का? सांजेला लेकरू परत खोलीत जाईल. बापू, सांग तुझ्या बायकोला."

दादा थोरल्या बहिणीच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. माय पोरीला छातीशी धरून लिंबाखाली बसली ती उठेचना. "सांजेला लेकरू आत नेलं तर मी माझ्या भावाच्या गावाला निघाले, लेकीला आन् नातीला घिऊन," म्हणाली. त्या थंडीत, त्या अवस्थेत, चालत! मी रडायला लागले. मला खोलीत जायचं नव्हतं आणि मायला जाऊ द्यायचं नव्हतं, आणि आत्यालाही दुखवायचं नव्हतं.

दुपारी आत्या उठली. तिनं शेगडी भरली, नेहमीसारखी पेटवली, धूर सरेपर्यंत वारा घातला. मग टोपीवालीला काखेत धरलं. "मी बसते आत," ती म्हणाली, "सानं बंद, दार बंद. कोंबडी बी संगं. मला आन् हिला काय झालं न्हाई, तर सांजेला लेकरू बराबर आत." आणि दार लावून घेतलं.

आम्ही बाहेर. माय दाराला कान लावून. आतून आत्याचा आवाज यायचा, कोंबडीशी बोलणारा. "बघ गं, काय झालंय तुला? काय बी न्हाई." बराच वेळ ती अशी बोलत राहिली, मोठमोठ्यानं, आम्हाला ऐकू जावं म्हणून. मग बोलणं जडावत गेलं. मग मधे मधे थांबायला लागलं. माय हाक मारायची, "वन्सं?" आणि आतून "हूं" यायचा. उन्हं लिंबाच्या पलीकडं गेली. एकदा हुंकार आला नाही. माय दारावर दोन्ही हातांनी पडली. तेवढ्यात आतून कडी निघाली आणि आत्या चौकटीला धरून बाहेर आली. पाय लटपटत होते. काखेत टोपीवाली मान लोंबकळून.

मायनं तिला धरलं, अंगणात बसवलं, पाणी पाजलं. भांडणाचा विषय संपला होता. दोघींनीही तो पुन्हा काढला नाही. दादा माळवदावर चढले आणि आम्हाला वरून लिंपलेलं परळ फोडल्याचा आवाज आला. नातसून आता मला सांगते, निखाऱ्यातून एक वायू निघतो, त्याला ना रंग, ना वास, ना धूर. खोली बंद असली की तो साठतो आणि माणसाला झोप लागल्यासारखं मारतो. तेव्हा आम्हाला वायू वगैरे काही ठाऊक नव्हतं. कोंबड्यांनी सांगितलं, मायनं ऐकलं, एवढंच. पुढं आत्या मरेपर्यंत गावातल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी काठी घेऊन जायची आणि कुणाला न विचारता सानं मोकळं करायची. लोक हसायचे, पण काठीला भ्यायचे. चावडीवरच्या माणसांनीही कोंबड्या कापायचं नाव पुन्हा काढलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी आत्या अंगणात बसून मांडीवरच्या टोपीवालीकडं बघत होती. कोंबडीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच, तिच्या त्या आवाजात कधी न ऐकलेल्या हळूपणानं म्हणाली, "सखू, माझा पोरगा बी असाच होता गं."

आत्याला मूल झालं होतं, हे मला माहीतच नव्हतं. मायलाही नाही. माळवदाच्या कडेला आलेल्या दादांनी मान फिरवली. त्यांना माहीत होतं.

"असाच हिवाळा होता. अशीच खोली, समदं बंद. रडायचाच न्हाई. समदे म्हणायचे, लई गुणाचा. एका सकाळी उठलाच न्हाई. सासू म्हणली, आईचीच नजर लागली. मी लई बघायची ना त्याच्याकडं. दिसभर बघायची. मला वाटलं, आसंल. माझीच नजर."

तेव्हा मला उमगलं, की माझ्या पोरीला न्हाऊ घालताना, तेल लावताना, काजळ घालताना आत्या मान नेहमी दुसरीकडं का करायची. आम्हाला वाटायचं, हिला लेकराचं कौतुकच नाही. मला इतकं भरून आलं की मी तिच्या पायांवर डोकं टेकलं.

"वन्सं, नजर न्हवती ती," माय म्हणाली. "शेगडी होती." आणि तिनं पोर उचलून आत्याच्या मांडीवर ठेवली.

आत्यानं या वेळी मान फिरवली नाही. दोन्ही हातांत पोरीचं डोकं धरलं आणि बघितलं. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, बोटं उलगडून उलगडून बघितली, जणू आजच जन्मली होती. तोंडावर ऊन होतं. पोरीनं डोळे गच्च मिटले, पुन्हा उघडले, ओठ काढला, आणि मग आ वासून असं भोकाड पसरलं की लिंबावरचे कावळे उडाले. एवढंसं अंग लालेलाल, मुठी आवळलेल्या, पाय झाडतेय, श्वास घेतेय आणि पुन्हा ओरडतेय. तालुकदारही दचकून आरवला. माय हसायला लागली, मी हसत होते की रडत होते मला कळत नव्हतं, आणि दादा माळवदावरून खाली वाकून विचारत होते, "कोण रडतंय? कोण रडतंय?"

भिंतीवरून गंगाकाकूंचं डोकं वर आलं. "अगं काय झालं? चौघं जण असून लेकराला कुणी उगी करंना का? घ्या की तिला!"

मी हात पुढं केला. आत्यानं माझा हात बाजूला सारला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिचा मूळचा, मळ्यापर्यंत जाणारा आवाज परत आला होता.

"कुणी उगी करू नका तिला," ती म्हणाली. "रडू द्या. पोटभर रडू द्या."